मी साळूबाईच्या उजव्या कानाचं मशीन

मी एक जुनं कानाचं मशीन आहे. पावतीवर माझं नाव 'श्रवणयंत्र' असं छापलं होतं, पण त्या नावानं मला कधीच कुणी ओळखलं नाही. माझा रंग मातीसारखा आहे आणि आकार काजूसारखा बाकदार. कानामागं बसायचं, बाहेरचा आवाज धरायचा, मोठा करायचा आणि बारीक नळीतून कानात सोडायचा, एवढंच माझं काम. मित्रांनो, मला डोळे नाहीत. त्यामुळं मी जे सांगणार आहे ते बहुतेक ऐकलेलंच आहे. मधला थोडा भाग तर मला ऐकूही आला नाही. तोच भाग सगळ्यात वाईट होता.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथं कुणी फारसं बोलत नसे. बारीक चिमट्यांची टिकटिक तेवढी चालायची. मग मला डबीत घातलं. पोटात सेल नसला की मी दगड. त्यामुळं प्रवासातलं मला काही आठवत नाही. पुन्हा जाग आली ती औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात. भानुमतीबाई तिथं लोकांचे कान तपासायच्या. त्यांनी माझ्या पोटात बटणाएवढा सेल घातला आणि समोर बसलेल्या बाईला विचारलं,

"नाव काय तुमचं?"

"व्हय," बाई म्हणाली.

"आई, नाव विचारू राहिल्यात त्या!" शेजारून एक तरुण मुलगी ओरडली.

"मंग तेच सांगते ना. साळूबाई."

ती मुलगी गोदा, साळूबाईची एकुलती एक लेक. तिनंच भानुमतीबाईंना सगळं सांगितलं. वडील लवकर गेले. साळूबाई फुलंब्रीकडचं गाव सोडून मुकुंदवाडीत राहायला आली आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर लागली. बावीस वर्षं ती त्या धाड-धाड आवाजात उभी राहिली. त्यावर गोदा शिकली, इंजिनिअर झाली. आणि साळूबाईचे कान हळूहळू बसत गेले.

"आधी कामून नाही आणलं?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"आम्हाला कळलंच नाही, मॅडम. कळू दिलं नाही हिनं."

हे कसं, ते मला पुढं कळलं. साळूबाईनं एकदा शेजारच्या सरूबाईला सांगितलं होतं. कारखान्यात ज्या बाईला ऐकू येईना तिला प्रेसवरून काढून टाकत. हात जायची भीती असायची. पण प्रेसवरून काढलं की दुसरं काम मिळत नसे, घरीच बसावं लागे. म्हणून साळूबाई ओठ बघायला शिकली. समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला की मान डोलवून 'व्हय' म्हणायला शिकली. मुकादम ओरडला तरी व्हय, हसला तरी व्हय. दहातल्या आठ वेळा ते जमून जायचं. कारखाना सुटला, पण ती सवय काही सुटली नाही.

आठवड्यानं साळूबाईच्या कानाच्या मापाचा मऊ साचा तयार झाला. तो नळीला जोडून भानुमतीबाईंनी मला तिच्या उजव्या कानावर चढवलं. डाव्या कानात काही उरलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती लेकीचा आवाज ऐकून रडेल वगैरे. तसं काही झालं नाही. गोदानं पिशवीतून फाईल काढली, त्या प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज झाला, आणि साळूबाई दचकून खुर्चीतून उठली. "अगं बाई, काय फाटलं?" सगळे हसले. रस्त्यानं जाताना ती स्वतःच्याच चपलांकडं बघत चालली असावी, कारण तीनदा थांबून म्हणाली, "लई वाजतात गं ह्या." मुकुंदवाडी स्टेशनवरून गाडी भोंगा देत गेली तेव्हा मात्र ती थबकली. म्हणाली, "मला वाटलं, गाड्यांनी शिट्टी द्यायचं सोडून दिलं."

मित्रांनो, ती माझ्या सुखाची वर्षं होती. साळूबाईनं मला फार जपलं. बामची एक रिकामी डबी तिनं घासूनपुसून माझ्यासाठी ठेवली होती. झोपताना मला काढायचं, पदरानं पुसायचं, सेल उगाच जळू नये म्हणून माझं सेलचं दार उघडं ठेवायचं आणि डबी उशाशी ठेवायची. अंघोळीच्या आधी मला काढायला ती एकदाही विसरली नाही. माझीही तिच्यासाठी एक खूण होती. सेल संपत आला की मी तिच्या कानात चार वेळा टुंग-टुंग करायचो. तो आवाज जगात फक्त तिलाच ऐकू जायचा. बाकी मी सगळ्यांचं बोलणं पोचवायचो. माझं स्वतःचं बोलणं एवढंच. मग ती म्हणायची, "आलं रे आलं, थांब जरा," आणि नवा सेल घालायची.

गोदाचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर फार लांबच्या देशात गेली. त्या देशाचं नाव साळूबाईला कधी नीट म्हणता आलं नाही. ती 'गोदाचा मुलुख' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. तिथं गोदाला मुलगी झाली. नाव अंबिका, पण हाक अंबू. अंबू दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. गोदाला नोकरी, जावईबापूंना नोकरी. मग जावईबापू स्वतः आले, साळूबाईचा पासपोर्ट काढला, व्हिसा काढला. तो कसला व्हिसा ते गोदानं फोनवर समजावलं. फोन नेहमी माझ्याजवळच धरला जायचा, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

"आई, हा पाहुण्यांचा व्हिसा हाय. एकदा काढला की पासपोर्ट संपेपर्यंत चालतो. कितीही वेळा ये, कितीही वेळा जा. एका वेळी सहा महिने राहायचं."

"म्हंजी एसटीचा पास."

गोदा हसली. "तसंच समज. पण दर वेळी इथल्या विमानतळाच्या दारात विचारतात, कामून आलात म्हणून."

"पास असला तरी कंडक्टर बघतोच की," साळूबाई म्हणाली.

पहिल्या वेळी त्या दारात काहीच अडलं नाही. जावईबापू शेजारी उभे होते. साहेबानं जे विचारलं त्याची उत्तरं त्यांनीच दिली. साळूबाई फक्त एकदा "व्हय" म्हणाली आणि शिक्का बसला. धप्प. मला तो आवाज आवडला होता.

ते सहा महिने मी कसे सांगू? दिवसभर घरात दोघीच. साळूबाई अंबूला काखेत मारून घरभर फिरायची आणि सारखी बोलायची. "हे वांगं. ही खिडकी. हा तुझ्या बापाचा बूट, केवढा हाय बघ." अंबू काहीतरी पुटपुटायची, आणि साळूबाईला नीट कळलं नाही की ती वाकून विचारायची, "काय?" असं दिवसातून शंभर वेळा. एक दिवस साळूबाई भाकरी थापत होती. मागून बारीक आवाज आला, "काय?"

साळूबाईनं थापणं थांबवलं. "काय?" ती म्हणाली.

"काय?" अंबू म्हणाली.

दोघी किती वेळ एकमेकींना 'काय' विचारत बसल्या होत्या कोण जाणे. गोदा घरी आली तेव्हा साळूबाईनं तिला ते ऐकवलं, आणि गोदा दारातच बूट न काढता खाली बसून रडली. त्यानंतर अंबूचे शब्द सुटले. 'आजी' आला, 'चल' आला, 'नाय' आला. ते सगळे आधी माझ्यापाशी आले. कुणी शिकवलं नाही, पण ती आजीशी बोलायचं असलं की उजव्या बाजूला यायची, माझ्याजवळ तोंड आणायची आणि मग बोलायची. तिचा श्वास मला लागायचा.

ऑक्टोबरात साळूबाई परत आली. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, त्याला स्वतः जावं लागतं. "दाखला दिला की येतेच," असं ती अंबूला सांगून आली होती. दाखला दिला. दिवाळी झाली. आणि डिसेंबरात गोदाचा फोन आला.

"आई, पोटात गाठ निघाली हाय. डॉक्टर म्हणतात, घाबरायसारखं नाही, पण काढावी लागंल. जानेवारीत ऑपरेशन. महिनाभर उचलायचं काही नाही. अंबूला सुद्धा नाही."

"मी येते," साळूबाई म्हणाली.

"ह्यांना सुट्टी नाही तुला आणायला. एकटीला जमंल?"

"पास हाय ना माझ्याकडं."

"तेच. दारात विचारलं तर सांग, लेकीला भेटायला आले. आन् आई, तब्येतीचं विचारलं तर ठणठणीत हाय म्हण. उगं आजारपणाचं काढू नको. नायतर कागदं मागत बसतेल."

गोदानं हे चांगल्या मनानं सांगितलं होतं. सरूबाईनं सामान भरायला मदत केली, तीही चांगल्या मनानंच. गोळ्यांच्या पानासारखं सेलचं एक नवं पान साळूबाईनं हातातल्या पिशवीत ठेवलं होतं. सरूबाईनं ते उचलून औषधांबरोबर मोठ्या बॅगेत तळाला घातलं. "एवढीशी वस्तू, हातातली पिशवी उघडता-झाकता पडून जाईल," असं ती स्वतःशीच म्हणाली. मी ते ऐकलं. साळूबाई तेव्हा आतल्या खोलीत माझ्याशिवाय अंघोळीला गेली होती. मी दाराजवळच्या फळीवर होतो, जागा होतो, पण मला सांगता थोडंच येतं?

मुंबईहून विमान सुटलं. एवढ्या लांबच्या प्रवासात साळूबाईला झोप लागली नाही, म्हणून तिनं मला काढलं नाही. गोदाची काळजी, दुसरं काय. शेजारच्या माणसाचं घोरणं, गाड्यावरच्या कपांची किणकिण, सगळं मी पोचवत राहिलो आणि माझा सेल उतरत गेला. विमान खाली टेकलं तेव्हा मी पहिली टुंग-टुंग केली. "आलं रे आलं," ती हळूच म्हणाली. तिचे हात पिशवीत फिरले. पुन्हा फिरले. पिशवीतलं एकेक बाहेर काढल्याचा आवाज आला: चष्म्याचं घर, कागद, लाडूचा डबा. मी पुन्हा टुंग केली. मग रांगेतली गलबल लांब लांब गेली आणि मी विझलो.

मित्रांनो, पुढचं मी ऐकलेलं नाही. ते मला चार वर्षांनी कळलं. पण ते इथंच सांगितलं पाहिजे.

काचेमागच्या साहेबानं पासपोर्ट चाळला. सहा महिने राहून गेलेली बाई अडीच महिन्यांत पुन्हा दारात उभी होती, यावेळी एकटी. त्यानं विचारलं. साळूबाई "व्हय" म्हणाली. त्यानं आणखी विचारलं. आणखी "व्हय". तेव्हा त्यानं तिला शेजारच्या खोलीत बसवलं. तिथल्या दुसऱ्या साहेबानं फोनवर मराठी दुभाषी बोलावला आणि तो फोन तिच्या उजव्या कानाला लावला. साहेब उद्धट नव्हता. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली. त्याच्या दृष्टीनं त्यानं सगळं नीट केलं.

पण फोनला ओठ नसतात. आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. सेल संपलेलं मशीन कानात असलं की ते मशीन राहत नाही, ते बूच होतं. माझा साचा तिच्या कानात घट्ट बसलेला होता. मी नसतो तर तिला थोडं तरी ऐकू आलं असतं. मी होतो, म्हणून काहीच आलं नाही.

साहेबानं बाहेर थांबलेल्या गोदालाही फोन लावला. गोदानं खरं ते सांगितलं: माझं ऑपरेशन आहे, आई मुलीला सांभाळायला आली आहे. ती हेही म्हणाली की आईला कमी ऐकू येतं, मशीन लागतं. "हो, मशीन त्यांच्या कानातच आहे," साहेब म्हणाला. गोदाला हायसं वाटलं. मग साहेबानं, लेक बोलतेय असं खुणेनं दाखवून, तो फोन साळूबाईच्या कानाला लावला.

"आई, तू सहा महिन्यांनी परत जाणार असं सांग त्यांना. काम करायला नाही आले म्हण. कळलं का?"

"व्हय, व्हय," साळूबाई म्हणाली. "तू काळजी करू नको. मी आलेच."

तिनं 'मला ऐकू येत नाही' असं का म्हटलं नाही? तुम्ही हेच विचाराल. तिला वाटलं, बहिऱ्या म्हातारीला हे आत घेणार नाहीत. प्रेसवरून जसं काढायचे, तसं काढतील. लेकीनंच सांगितलं होतं, ठणठणीत हाय म्हण. म्हणून ती ताठ बसली आणि हसून, मान डोलवून उत्तरं देत राहिली. शेवटी एका कागदावर सही करायला सांगितली. 'मी आपणहून परत जात आहे,' असा तो कागद होता. साळूबाईला वाटलं, आत सोडल्याचा कागद आहे. तिनं हळूहळू, सगळी अक्षरं लावून सही केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानात तिला बसवलं, तेव्हा कुठं तिला कळलं की आपण आत जात नाही, मागं चाललो आहोत. दोन भिंतींपलीकडं गोदा अंबूला घेऊन दिवसभर उभी होती. त्या दोघींना ती दिसलीही नाही.

मला जाग आली ती मुकुंदवाडीच्या घरात. मोठी बॅग उघडली होती, सेलचं पान सापडलं होतं. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. थोड्याच वेळात फोन वाजला. गोदाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

"आई, मी तुला सांगितलं होतं ना काय म्हणायचं? तरी तू त्यांना सांगितलं काम करायला आले? कायमची राहणार म्हणून?"

साळूबाईला काय विचारलं गेलं होतं हेच माहीत नव्हतं. तिला वाटलं, आपलं बहिरेपण पकडलं गेलं. "चूक झाली बाई माझी," ती म्हणाली.

"चूक? उद्या मला आत नेतेल, अंबू परक्याच्या घरी राहील. ती दारात बसून आजी, आजी करू राहिली!" गोदाला रडू आवरत नव्हतं. "तुला यायचंच नव्हतं का, आई? तसं सांगायचं ना मग."

ते वाक्य मी पोचवलं. अगदी स्वच्छ पोचवलं. सेल नवा होता.

साळूबाई म्हणाली, "नीट राह्य पोरी. ऑपरेशन चांगलं व्हईल." मग तिनं मला कानावरून काढलं, माझा सेल काढला आणि मला बामच्या डबीत ठेवून झाकण लावलं.

ऑपरेशन चांगलं झालं. गोदा बरी झाली. पण तो महिना तिनं कसा काढला हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि साळूबाईनं काही विचारलं नाही. फोन यायचे. साळूबाई फोनवर नुसतं "बरी हाय, बरी हाय" म्हणायची आणि ठेवून द्यायची. पुढं टाळेबंदी आली, विमानं बंद झाली. डबीत मी चार वर्षं दगड होऊन पडून होतो, हे सगळं मला नंतर ऐकायला मिळालं. सरूबाई सगळ्यांना सांगायची, साळू आता मशीन घालत नाही, म्हणते, ऐकायचं तेवढं ऐकून झालं.

चार वर्षांनी गोदा आली, अंबूला घेऊन. अंबू आता साडेसहा वर्षांची होती. गोदानं डबी शोधून काढली, मला पुसलं, नवा सेल घातला. किती दिवसांनी मी आवाज ऐकला! साचा आता सैल झाला होता, मी मधूनच शिट्टी मारत होतो. तरी गोदानं मला साळूबाईच्या कानात दाबून बसवलं.

"ऐकू येऊ राहिलं का, आई?"

"व्हय," साळूबाई म्हणाली.

"नीट?"

"व्हय, व्हय. नीट."

गोदा समाधानानं स्वयंपाकघरात गेली. अंबू आजीजवळ बसली. उजव्या बाजूला नाही. ते ती विसरली होती. बराच वेळ ती आजीला शाळेचं काहीबाही सांगत राहिली. मग थांबली. पोरं हुशार असतात. ती आजीच्या मागं जाऊन उभी राहिली असावी, कारण तिचा आवाज माझ्या पाठीमागून आला.

"आजी, तू हत्ती आहेस?"

कुणीतरी काहीतरी विचारतंय, एवढं साळूबाईला कळलं असावं. "व्हय," ती म्हणाली.

अंबू खुदकन हसली. "आजी, तू झाडावर राहतेस?"

"व्हय, बाळा."

"मम्मी! ये ना! आजी म्हणते ती हत्ती आहे!"

भांडं ठेवल्याचा आवाज झाला. गोदा आली. "आजीची थट्टा करू नको, अंबू," असं म्हणाली आणि मधेच थांबली. मग तिची पावलं धावत आतल्या खोलीत गेली. बॅगेची चेन उघडली. त्या दिवशी परत पाठवताना साळूबाईचा तो व्हिसाही रद्द झाला होता. नवा अर्ज करायचा म्हणून गोदानं त्या दिवशीच्या चौकशीची नक्कल मागवून घेतली होती. ते कागद घेऊन ती जमिनीवर बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. एकेक ओळ वाचून ती मराठीत सांगत होती. कुणाला, कोण जाणे.

"तुम्हाला दुभाष्याचं बोलणं नीट ऐकू येतं का? हो. तुम्ही इथं काम करायला आलात का? हो. त्याचे पैसे मिळणार आहेत का? हो. आता कायमच्या इथंच राहणार का? हो. तुमच्या देशात परत जायचं नाही का?" तिचा आवाज फाटला. "हो."

साळूबाईला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. लेक रडतेय एवढं तिला दिसलं. "काय झालं? कामून रडती?" ती विचारत राहिली.

गोदानं कागद उलटा केला आणि त्यावर पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं. साळूबाई चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, एकेक अक्षर उच्चारत तिनं ते वाचलं. म्हणून मला कळलं काय लिहिलं होतं.

"त्या... दिवशी... तुला... ऐकू... आलं... नव्हतं... ना?"

कागद बाजूला ठेवल्याची सळसळ झाली.

"नाय," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून हे ऐकलं. मग ती थांबली नाही. "नाय ऐकू आलं. सेल संपला होता. साहेबाचं नाय, फोनमधल्या माणसाचं नाय, तुझंबी नाय. आत्ताबी काय ऐकू येत नाय बघ. नुसती शिट्टी वाजती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी आल्यावर तू म्हणली होती ना, यायचंच नव्हतं का म्हणून. तेवढं मातर ऐकू आलं होतं."

गोदानं तिच्या मांडीत डोकं घातलं. अंबू विचारत होती, काय झालं, मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी सगळे भानुमतीबाईंकडं गेले. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, उजवा कानही आता खूप उतरलाय. चार वर्षं काही ऐकलंच नाही, त्यानं आणखी बिघडलं. हे मशीन आता पुरणार नाही, मोठं लागेल. मित्रांनो, माझं तिच्याबरोबरचं काम तिथं संपलं. नवं मशीन आलं. साळूबाई ते घालते. ऐकू आलं नाही तर आता 'नाय' म्हणते, असं मी भानुमतीबाईंच्या टेबलावरच्या बोलण्यात ऐकलं. नव्या व्हिसाचा अर्ज मात्र परत आला. एकदा दारातून मागं फिरल्याची नोंद झाली की ती पुसली जात नाही. गोदानं ती हकिकत लिहून पुन्हा अर्ज केला, तोही परत आला. तिसरा करायला साळूबाईनंच नको म्हटलं. आता गोदाला सुट्टी मिळेल तेव्हा गोदा येते. अंबू एकदाच आली. तिचं मराठी हळूहळू चाललंय. ती 'काय' म्हणते, पण तिच्या देशातल्या उच्चारानं.

साळूबाईनं जाताना मला भानुमतीबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चांगलं हाय हे. ह्याचा काय दोष नाय. कुणा गरजवंताला द्या." भानुमतीबाईंनी माझी नळी बदलली, साचा टाकून दिला, मला साफ केलं. लासूर स्टेशनच्या बाजारात पोती वाहणारे कारभारीबाबा आहेत, त्यांच्या कानाला मी पुरेसा आहे. त्यांच्या मापाचा नवा साचा तयार झाला आहे. उद्या त्यांची सून मला न्यायला येणार.

मला तिला काही सांगता येणार नाही. तुम्ही कधी लासूरकडं गेलात तर सांगा. कुणाच्याही घरात माझ्यासारखं एखादं असलं तरी सांगा. सेलचं एक जादा पान माणसाच्या अंगावरच असू द्या, बॅगेच्या तळाशी नको. मशीन कानात दिसतंय म्हणून ऐकू येतंय असं धरून चालू नका. आणि बाबांनी हसून मान डोलवली म्हणून उठून जाऊ नका. समोर बसा, ओठ दिसतील असं बोला, आणि आपण काय विचारलं ते एकदा त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या. त्याला फार वेळ लागत नाही. साळूबाईसाठी त्या दिवशी तेवढा वेळ कुणालाच सुचला नाही, आणि मी तर तिच्या कानातच होतो.